मातीचा रोध, पाण्याचा शोध

बीड शहरातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर येतो. तेथून पाटोद्याच्या दिशेने वळले की काही अंतरावर लिंबागणेश हे गाव लागते. भालचंद्र गणपतीचे क्षेत्र म्हणून या गावाची मराठवाड्यात ख्याती आहे. भाविकाला येथे देवालयाचा कळस दिसतो. शेतकऱ्याला मात्र प्रथम दिसतो तो चहूकडे पसरलेला काळा खडक, त्यावरील मातीचा पातळ थर आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तोही दरवर्षी पडेलच याची शाश्वती नसते. पडलेले पाणी उतारावरून वाहून जाते आणि जे मुरते ते खडकाच्या भेगांत कोठेतरी दडून बसते.

ते नेमके कोठे दडले आहे, हा प्रश्न या भागातील प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्यावर कधी ना कधी उभा राहतो. विहीर कोठे खोदावी, बोअर कोठे घ्यावी, हे एकदाच ठरवायचे असते. जागा चुकली तर पैसा तर जातोच, पण पुष्कळदा तो पैसा कर्जाऊ घेतलेला असतो. म्हणूनच हातात नारळ किंवा कडुनिंबाची बेचकी घेऊन शेतातून फिरणारा पाणाड्या आजही बोलावला जातो. त्याच्यावरील विश्वासापेक्षाही निर्णयाचा भार कोणीतरी वाटून घ्यावा, ही भावना त्यामागे अधिक असते.

याच प्रश्नाचे एक उत्तर शालेय विज्ञानाच्या पुस्तकात दडलेले आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी विद्युतधारेच्या प्रकरणात ‘रोधकता’ शिकतो, सूत्र पाठ करतो, परीक्षेत दोन-तीन गुणांचे उदाहरण सोडवतो आणि पुढे जातो. तेच सूत्र शाळेबाहेरच्या माळावर नेले तर ते जमिनीच्या पोटातील ओलाव्याची वार्ता सांगू शकते. ते कसे, हे क्रमाक्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

रोध आणि रोधकता

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली आपले प्रसिद्ध संशोधन ग्रंथरूपाने मांडले. तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि तिच्यातून वाहणारी विद्युतधारा यांचे गुणोत्तर, तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असता, स्थिर राहते, हे त्याचे प्रतिपादन. या गुणोत्तरास रोध म्हणतात. विभवांतर व्होल्टमध्ये आणि धारा अँपिअरमध्ये मोजली की रोध ओहममध्ये मिळतो.

परंतु रोध हा त्या विशिष्ट तारेचा गुण आहे, पदार्थाचा नव्हे. एकाच तांब्याच्या दोन तारा घेतल्या, एक लांब व दुसरी आखूड, तर लांब तारेचा रोध अधिक भरतो. एक जाड व दुसरी बारीक घेतली तर बारीक तारेचा रोध अधिक भरतो. गावातील पाण्याच्या नळाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. नळ जितका लांब आणि अरुंद, तितके पाणी अडते. जितका आखूड आणि रुंद, तितके ते मोकळेपणी वाहते. विजेचेही तसेच आहे. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की तो निम्मा होतो.

लांबी व जाडी यांचा हा प्रभाव बाजूला काढल्यावर जे उरते, तो पदार्थाचा स्वतःचा स्वभाव. त्यालाच रोधकता म्हणतात. जुन्या पुस्तकांत यासाठी ‘विशिष्ट रोध’ हा शब्द आढळतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच अशा घनाच्या समोरासमोरील दोन बाजूंमध्ये जितका रोध भरेल, तितकी त्या पदार्थाची रोधकता, असे चित्र डोळ्यांसमोर आणल्यास व्याख्या सहज समजते. सूत्ररूपाने सांगायचे तर :

रोधकता = रोध × छेदाचे क्षेत्रफळ ÷ लांबी

रोध ओहममध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये व लांबी मीटरमध्ये असल्याने रोधकतेचे एकक ‘ओहम-मीटर’ असे येते. पुष्कळ विद्यार्थी त्याला ‘ओहम दर मीटर’ म्हणतात, ते चुकीचे आहे. येथे भागाकार नसून गुणाकार आहे.

निसर्गातील पदार्थांच्या रोधकतेतील तफावत थक्क करणारी आहे. सामान्य तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे ०.०००००००१७ ओहम-मीटर असते. इतकी शून्ये टाळण्यासाठी ओहम-मीटरचा दहा कोटीवा भाग हे माप मानले, तर चांदी १.६, तांबे १.७, तारेसाठी वापरले जाणारे अ‍ॅल्युमिनियम २.८, लोखंड सुमारे १० आणि विजेच्या शेगडीतील नायक्रोम सुमारे ११० असा क्रम लागतो. उलटपक्षी काचेची रोधकता एक हजार कोटी ओहम-मीटरच्याही वर जाते. तांबे आणि काच या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी माती, मुरूम आणि खडक यांची जागा आहे, आणि त्या जागेतच पाण्याचे रहस्य आहे.

तारेची रोधकता कशी काढावी

प्रथम प्रयोगशाळेतील साधे उदाहरण घेऊ. नायक्रोमची एक मीटर लांबीची तार आहे. स्क्रू गेजने मोजता तिचा व्यास ०.४० मिलिमीटर भरला. तिच्या टोकांमध्ये ४.४ व्होल्ट विभवांतर ठेवले असता ०.५ अँपिअर धारा वाहिली.

पहिली पायरी रोधाची. ४.४ ला ०.५ ने भागले असता ८.८ ओहम येतात.

दुसरी पायरी क्षेत्रफळाची. व्यास ०.४० म्हणजे त्रिज्या ०.२० मिलिमीटर. ३.१४ × ०.२० × ०.२० = ०.१२५६ चौरस मिलिमीटर. एका चौरस मीटरमध्ये दहा लाख चौरस मिलिमीटर असतात. म्हणून हे क्षेत्रफळ ०.००००००१२५६ चौरस मीटर झाले.

तिसरी पायरी रोधकतेची. ८.८ × ०.००००००१२५६ ÷ १ = सुमारे ०.०००००११ ओहम-मीटर, अर्थात वर सांगितलेल्या मापात ११०. उत्तर नायक्रोमच्या ज्ञात मूल्याशी जुळते.

यात विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास चुकतात. व्यासालाच त्रिज्या समजल्यास उत्तर चौपट येते. मिलिमीटरचे मीटर करताना केवळ एक हजाराने भागल्यास उत्तर हजारपट चुकते, कारण क्षेत्रफळाला दहा लाखाने भागावे लागते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, व्यासाचा वर्ग होत असल्याने मोजमापातील लहानशी चूक दुप्पट होऊन उत्तरात उतरते. ०.४० ऐवजी ०.४२ मिलिमीटर वाचले, म्हणजे चूक पाच टक्क्यांची झाली, तरी रोधकता सुमारे दहा टक्क्यांनी अधिक येते. म्हणूनच तारेचा व्यास तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घेण्याचा दंडक आहे.

तापमानाचाही विचार अगत्याचा आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांना मोजलेली तार बेचाळीस अंशांच्या उन्हात तापली की तिचा रोध आठ-नऊ टक्क्यांनी वाढलेला असतो. मे महिन्यातील मराठवाड्याच्या तारांना हे गणित रोज भोगावे लागते.

शेतपंपाची तार

या सूत्राचा पहिला उपयोग शेताच्या बांधावरच सापडतो. विहीर वीजवाहिनीपासून तीनशे मीटर दूर आहे आणि पंप ८ अँपिअर धारा घेतो, असे मानू. १० चौरस मिलिमीटर छेदाची अ‍ॅल्युमिनियमची तार वापरली तर एका तारेचा रोध ०.८४ ओहम येतो. तिच्यात ०.८४ × ८ म्हणजे सुमारे ६.७ व्होल्ट विभव खर्ची पडते. स्वस्त म्हणून ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रोध २.१ ओहम होतो आणि प्रत्येक तारेत जवळजवळ १७ व्होल्ट वाया जातात. शिवाय दर तारेत सुमारे १३४ वॅट शक्ती नुसती उष्णतेत जाते. आधीच कमी दाबाने येणारी वीज पंपापर्यंत पोचता पोचता आणखी क्षीण होते, मोटार तापते आणि ऐन हंगामात जळते. तारेवर वाचवलेले पैसे मोटार भरून देताना दामदुपटीने जातात. वहीतील एका उदाहरणाने हे नुकसान आधीच कळू शकते.

तारेकडून जमिनीकडे

आता मुख्य विषयाकडे वळू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा प्रदेश घडला. लिंबागणेशचा माळ हा त्याचाच एक भाग. या थरांत सर्वत्र सारखा खडक नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कोठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, कोठे सांधे व भेगा असलेला पाषाण, तर कोठे भेगच नसलेला अभेद्य काळा फत्तर आढळतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा चिकणमातीचा पट्टाही असतो.

कोरडा अभेद्य बेसॉल्ट विजेला जवळजवळ अडवूनच धरतो. तारेत वीज वाहून नेण्याचे काम धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन करतात. खडकात ते काम भेगा व छिद्रांतील पाणी करते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन विजेचे वाहक होतात. सबब, खडक जितका ओला आणि भेगाळ, तितकी त्याची रोधकता कमी. बेसॉल्टच्या प्रदेशातील सर्वसाधारण अनुभव असा की, ओलसर काळ्या मातीची रोधकता ५ ते १० ओहम-मीटरच्या आसपास, पाण्याने भरलेल्या झिजलेल्या व भेगाळ खडकाची साधारण २० ते ४५, अंशतः झिजलेल्या खडकाची ४० ते ७०, आणि कठीण अभेद्य खडकाची त्याहून कितीतरी अधिक, शेकडो ओहम-मीटरपर्यंत असते. हे आकडे दिशादर्शक आहेत. प्रत्येक गावी ते तेथील ज्ञात विहिरींशी ताडून घ्यावे लागतात.

पण जमीन म्हणजे तार नव्हे. तिची लांबी कोणती आणि छेद कोणता? जमिनीचा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेता येत नाही. येथे सूत्राला थोडी कल्पकतेची जोड द्यावी लागते.

चार खुंट्या आणि एक सूत्र

जमिनीत ठोकलेल्या एका धातूच्या खुंटीतून धारा सोडली की ती खाली व चहूबाजूंना पसरते. वर हवा असल्याने तिकडे तिला वाट नसते. त्यामुळे खुंटीभोवती एकाबाहेर एक अशी अर्धगोलांची आवरणे आहेत आणि धारा त्यांतून बाहेर पडत आहे, असे मानता येते. अर्धगोलाचे क्षेत्रफळ २ × ३.१४ × अंतराचा वर्ग. प्रत्येक पातळ आवरणाला ‘लांबी’ म्हणजे त्याची जाडी आणि ‘छेद’ म्हणजे त्याचे क्षेत्रफळ असे धरून तारेचेच सूत्र लावले आणि एकापुढील एक सर्व आवरणांचे रोध मिळवले, तर खुंटीपासून ठरावीक अंतरावरील विभव असे येते :

विभव = रोधकता × धारा ÷ (२ × ३.१४ × अंतर)

आता एका सरळ रेषेत, समान अंतरावर चार खुंट्या ठोकाव्यात. त्यांना क, ख, ग, घ म्हणू. क मधून धारा जमिनीत शिरते व घ मधून बाहेर पडते. ख आणि ग यांच्यामधील विभवांतर मोजले जाते. ख ही क पासून एका अंतरावर आणि घ पासून दोन अंतरांवर आहे. म्हणून तिच्यावरील परिणाम एक वजा अर्धा, म्हणजे अर्धा. ग च्या बाबतीत तो अर्धा वजा एक, म्हणजे उणे अर्धा. दोहोंमधील फरक बरोबर एक. त्यामुळे सारे सूत्र सुटसुटीत होते :

रोधकता = २ × ३.१४ × अंतर × (विभवांतर ÷ धारा)

चार खुंट्यांची ही समांतर मांडणी अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रँक वेनर याने १९१५ साली मांडली व ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तत्पूर्वी १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जर याने विजेच्या साहाय्याने भूगर्भाचा वेध घेण्याचे प्रयोग आरंभले होते. त्याच्या पद्धतीत मधल्या दोन खुंट्या जवळ ठेवून बाहेरच्या दोन दूर दूर नेल्या जातात. भारतातही भूजल सर्वेक्षणात या दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या आहेत.

दोन खुंट्यांनी भागत नाही काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याने विचारावा. त्याचे उत्तर असे की, खुंटी व माती यांच्या संपर्काच्या जागीच मोठा रोध असतो. माती कोरडी असेल तर तो इतका वाढतो की त्यात जमिनीचा खरा रोध हरवून जातो. धारा नेणाऱ्या आणि विभव मोजणाऱ्या खुंट्या वेगळ्या ठेवल्या की हा संपर्काचा रोध हिशेबातून गळून पडतो. शिवाय जमिनीत निसर्गतःच थोडे विभव असते. ते वजा व्हावे म्हणून धारेची दिशा उलटसुलट करून मोजमाप घेतले जाते.

आकड्यांचे वाचन

खुंट्यांमधील अंतर वाढवत नेले की धारा अधिक खोल थरांतून वाहते. म्हणजे जमिनीला धक्काही न लावता खाली खाली पाहता येते. ‘जितके अंतर तितकी खोली’ असा जुना ठोकताळा आहे. प्रत्यक्षात वेनर मांडणीची परिणामकारक खोली अंतराच्या सुमारे निम्मीच असते, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

उदाहरणादाखल, लिंबागणेशसारख्या माळावरील एका शेतात पुढीलप्रमाणे मोजमापे मिळाली असे समजू. ही संख्या केवळ पद्धत समजावण्यासाठी घेतलेली आहे.

अंतर २ मीटर, रोध ०.६४ ओहम, रोधकता ८ ओहम-मीटर
अंतर ५ मीटर, रोध ०.५१ ओहम, रोधकता १६ ओहम-मीटर
अंतर १० मीटर, रोध ०.३६ ओहम, रोधकता २२.६ ओहम-मीटर
अंतर २० मीटर, रोध ०.२१५ ओहम, रोधकता २७ ओहम-मीटर
अंतर ४० मीटर, रोध ०.१३५ ओहम, रोधकता ३३.९ ओहम-मीटर
अंतर ६० मीटर, रोध ०.११७ ओहम, रोधकता ४४.१ ओहम-मीटर

पहिल्या ओळीचा पडताळा असा : २ × ३.१४ × २ × ०.६४ = ८.०४. उरलेल्या ओळी विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहाव्यात.

यातून काय वाचता येते? आरंभीचा ८ हा आकडा काळ्या मातीचा आहे. पुढे रोधकता वाढते, पण दहा ते चाळीस मीटर अंतराच्या पट्ट्यात ती फार सावकाश चढते आणि वीस ते पस्तीसच्या दरम्यान रेंगाळते. खाली झिजलेला, ओल धरलेला खडक असण्याचा हा संकेत होय. त्यापुढे ती पुन्हा झपाट्याने चढू लागते, म्हणजे कठीण पाषाण जवळ येत आहे. येथे मिळणाऱ्या रोधकतेला ‘भासमान रोधकता’ म्हणतात, कारण तो एका थराचा गुण नसून वरपासून खालपर्यंतच्या सर्व थरांचा एकत्रित परिणाम असतो. थर वेगळे करण्यासाठी आलेख काढून तो प्रमाणित आलेखांशी जुळवितात; अलीकडे हे काम संगणक करतो.

याच शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात वीस मीटर अंतरावरच रोधकता १८० भरली, तर तेथे उथळ खोलीवरच अभेद्य फत्तर आहे, हे स्पष्ट होते. दोन्ही ठिकाणी खोदाईचा खर्च सारखाच. पण एका जागी आशेला आधार आहे, दुसऱ्या जागी नाही. शास्त्राने शेतकऱ्याच्या हाती दिलेले दान हेच आणि इतकेच आहे.

फसवे आकडे

‘इतकेच’ म्हणण्याचे कारण आहे. कमी रोधकता म्हणजे पाणीच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. तिसऱ्या एखाद्या जागी ६ ओहम-मीटर आकडा आला तर अननुभवी माणूस हर्षभरित होईल. परंतु तो थर बहुधा चिकणमातीचा किंवा दोन लाव्हाथरांमधील तांबड्या पट्ट्याचा असतो. चिकणमाती पाणी धरून ठेवते, पण विहिरीला देत नाही. खारे पाणीही असाच चकवा देते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यात पाणी विपुल असूनही ते पिण्यास वा शेतीस उपयोगी पडत नाही. तेथे रोधकतेचा आकडा लहान येईल, पण घागर गोड्या पाण्याने भरणार नाही. जमिनीत पुरलेला लोखंडी नळ, तारेचे कुंपण किंवा वरून जाणारी वीजवाहिनी यांमुळेही मोजमाप बिघडते.

याउलट दीड-दोनशे मीटर खोलीवरील एखादी बारीक भेग या पद्धतीला सहसा दिसतच नाही, कारण इतक्या खोलीवर एवढ्याशा भेगेचा परिणाम साऱ्या खडकाच्या परिणामात बुडून जातो. म्हणून कुशल भूवैज्ञानिक केवळ यंत्रावर विसंबत नाही. तो आसपासच्या विहिरी पाहतो, ओढ्याची दिशा, खडकातील सांध्यांची रेषा, झाडोरा आणि उताराचा कल पाहतो, आणि मग यंत्राची साक्ष काढतो. आपल्या पूर्वजांनाही अशा निरीक्षणाचे महत्त्व ठाऊक होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूगर्भातील पाण्याचा विचार करणारे ‘दकार्गल’ नावाचे प्रकरण आहे. त्यात वृक्ष, वारुळे, माती व पाषाण यांच्या खुणा दिल्या आहेत. बीडजवळील सोळाव्या शतकातील खजाना विहीर आणि तिचे भूमिगत पाट हे भूमीचा उतार व जलस्रोत ओळखणाऱ्या स्थापत्याचे साक्षीदार म्हणून आजही उभे आहेत.

पाणाड्याची बेचकी आणि रोधकतामापक यंत्र यांतील फरकही येथेच आहे. दोघांचाही अंदाज चुकू शकतो. परंतु यंत्राचा आकडा कोणीही, कोणत्याही दिवशी पुन्हा मोजू शकतो, चूक कोठे झाली ते शोधू शकतो आणि पुढच्या वेळी ती टाळू शकतो. बेचकीच्या चुकीतून मात्र काहीच शिकता येत नाही.

शाळेच्या अंगणातील प्रयोग

हा धडा शाळेतही प्रत्यक्ष करून दाखवता येतो आणि त्यास खर्च फारसा येत नाही. प्लॅस्टिकची वा लाकडाची आतून वीस सेंटिमीटर लांब व पाच सेंटिमीटर रुंद पेटी घ्यावी. दोन्ही टोकांना आतील बाजूस धातूच्या पट्ट्या लावाव्यात. शेतातील ओली काळी माती चार सेंटिमीटर उंचीपर्यंत दाबून भरावी. तीन कोरडे विद्युतघट जोडून धारा मोजावी. विभवांतर ४.५ व्होल्ट असता धारा ४.५ मिलिअँपिअर आली, असे धरल्यास रोध एक हजार ओहम होतो. छेद ०.०५ × ०.०४ = ०.००२ चौरस मीटर व लांबी ०.२० मीटर, म्हणून रोधकता १००० × ०.००२ ÷ ०.२० = १० ओहम-मीटर.

त्यानंतर पेटीत कोरडी वाळू भरावी. धारा जवळजवळ शून्यावर येईल. विहिरीचे पाणी ओतताच ती वाढेल आणि चिमूटभर मीठ टाकताच एकदम उसळी घेईल. खडक, गोडे पाणी आणि खारे पाणी यांची कहाणी एका पेटीत पाहावयास मिळेल. पट्ट्यांवर वायूचे बुडबुडे साचून धारा हळूहळू घटते; म्हणून वाचन चटकन घ्यावे व घटांची टोके अदलाबदल करून पुन्हा घ्यावे. घरातील वा शेतपंपाची वीज या प्रयोगास कदापि जोडू नये. कोरडे घटच वापरावेत.

शोध आणि संवर्धन

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला जबर हादरा दिला. त्याच काळात रोजगार हमीची कल्पना आकाराला आली, तिला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान लाभले, आणि पाझर तलाव व विहिरींच्या कामांना गती आली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही राज्याची स्वतंत्र संघटनाही त्याच सुमारास उभी राहिली. खुंट्या, तारा आणि यंत्र घेऊन माळरानावर फिरणारी पथके गावोगाव परिचित झाली ती या काळापासून.

तथापि रोधकता पाणी दाखवते, निर्माण करत नाही, याचा विसर पडता कामा नये. एका शेतात चांगली जागा सापडली की शेजारचा त्याहून खोल जातो, तिसरा त्याहूनही खोल जातो आणि अखेर तिघांच्याही विहिरी आटतात. भूगर्भातील भेगेला बांध नसतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीस १९९३ च्या कायद्याने मज्जाव केला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आणले. या तरतुदींमागील हेतू हाच आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाडा सहजी विसरणार नाही.

मोजमापाचे ज्ञान आणि पाणी मुरविण्याचे कष्ट यांची सांगड घातली तरच अर्थ उरतो. बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाझर तलाव आणि विहिरींचे पुनर्भरण केलेल्या क्षेत्रात त्याच जागी, त्याच अंतरावर खुंट्या ठोकून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर रोधकता मोजली, तर पाणी किती मुरले याचा अंदाज बांधता येतो. शाळेतील मुलांनी विहिरीच्या पातळीची नोंद दर महिन्याला एका वहीत ठेवली, तर काही वर्षांत ती वही गावाचा अमोल ठेवा ठरेल.

लिंबागणेशच्या माळावर तापलेल्या दुपारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न जुनाच आहे : पाणी कोठे आहे? त्याचे निश्चित उत्तर कोणतेही शास्त्र देऊ शकत नाही. परंतु कोठे शोधू नये, कोणता आकडा फसवा आणि कोणता विश्वासार्ह, हे त्याचीच शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा त्याला वहीवर मांडून दाखवू शकेल. रोध, क्षेत्रफळ आणि लांबी या तीन राशींचे ते लहानसे सूत्र त्या दिवशी परीक्षेपुरते न राहता घरच्या कामास आलेले असेल.